सोलापुरात राहून समुद्र कसा रंगवायचा?

तुझा प्रश्न एकच दिसत असला तरी त्यात तीन प्रश्न आहेत. निसर्गचित्रकार इतक्या ओढीने समुद्राकडे का जातात? सोलापुरात वाढलेल्या आणि समुद्र फक्त शाळेच्या सहलीत पाहिलेल्या मुलीने मोबाइलमधल्या फोटोंवरून समुद्र रंगवला तर काय बिघडलं? आणि दिवाळीनंतर चार दिवस रत्नागिरीला जायला मिळणार आहे, तर तिथे नेमकं काय करायचं? मी कित्येक वर्षं सोलापुरात जलरंगात निसर्गचित्रं करतो, शिकवतो आणि हिवाळ्यात जमेल तसा कोकणात उतरतो. त्या अनुभवातून लिहितो आहे. उत्तर लांबेल, पण तुझ्यासारखे विद्यार्थी आपल्या भागात बरेच आहेत आणि त्यांनाही ते उपयोगी पडावं असं मला मनापासून वाटतं.

समुद्र चित्रांत पूर्वीही होता. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी तो भरपूर रंगवला, पण त्या चित्रांत मान जहाजांचा असायचा. निव्वळ पाणी, आभाळ आणि उजेड यांच्यासाठी किनाऱ्यावर जाऊन बसणं एकोणिसाव्या शतकात वाढलं, आणि त्यामागे अगदी व्यवहारातली कारणं आहेत. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगासाठी कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. तैलरंग बरोबर घेऊन फिरणं सोपं झालं. १८४७ मध्ये रेल्वे पॅरिसहून ल आव्र बंदरापर्यंत पोचली. त्या बंदरात वाढलेल्या क्लोद मोनेला युजेन बूदँ या चित्रकाराने उघड्यावर बसून रंगवायची गोडी लावली. मोनेने १८७२ मध्ये तिथल्याच पहाटेचं केलेलं चित्र १८७४ च्या प्रदर्शनात लागलं आणि त्याच्या ‘इम्प्रेशन, सनराइज’ या नावावरून सगळ्या चळवळीचं नाव पडलं.

सोय झाली म्हणून लोक गेले, हे खरं. पण ते तिथे का रमले? माझं उत्तर असं आहे, की किनाऱ्यावर काहीही थांबत नाही. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यासमोर तू सकाळी बसलीस तर दोन तासांत सावल्या सरकतील, पण बुरूज जागेवर असेल. किनाऱ्यावर उजेड बदलतो, पाणी बदलतं, आणि ज्या वाळूवर तू स्टूल टाकलंस ती वाळूसुद्धा तासाभरात पाण्याखाली जाते. अशा ठिकाणी सगळं काढता येत नाही, म्हणून काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे लगेच ठरवावं लागतं. हा निवाडा करायला लावणारी जागा म्हणून चित्रकार समुद्राकडे पुन्हा पुन्हा जातो. देखावा सुंदर असतो हे आहेच, पण नुसत्या सुंदर देखाव्यावर कोणी आयुष्य काढत नाही. विन्स्लो होमर हा अमेरिकन चित्रकार १८८३ मध्ये मेन राज्यातल्या प्राउट्स नेक इथे राहायला गेला आणि अखेरपर्यंत त्याच खडकांवर आपटणारं पाणी रंगवत राहिला.

आता फोटोंबद्दल. मोबाइलवर फोटो काढू नकोस असं मी म्हणणार नाही. बोटीचा तपशील, दोरखंडाची गाठ, देवळाच्या शिखराचा आकार लक्षात ठेवायला तो चांगला. पण समुद्र मोबाइलमधून शिकता येत नाही, आणि त्याची कारणं ठोस आहेत. संध्याकाळी कॅमेरा आभाळाचा उजेड पकडायला गेला की किनारा काळा पडतो. तिथे डोळ्याला दिसणारे जांभळे, तपकिरी, हिरवट रंग फोटोत नसतातच. मोबाइलची लेन्स वाइड असते, त्यामुळे छातीएवढी लाट फोटोत वीतभर दिसते. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे फोटोत एकच लाट गोठते. डोळा कधीच एक लाट बघत नाही. तो दहा-बारा लाटा बघतो आणि त्यांतून लाटेची सवय ओळखतो: कुठे उचलली जाते, कुठे पातळ होते, कुठून मोडायला लागते. चित्रात ती सवय यावी लागते. फोटोवरून केलेल्या चित्रातली लाट काचेची वाटते ती यामुळे.

या बाबतीत मला इव्हान आयवाझोव्स्की फार जवळचा वाटतो. काळ्या समुद्राकाठच्या फिओदोसियात १८१७ मध्ये जन्मलेल्या या चित्रकाराने हजारो समुद्रचित्रं केली. १८५० चं ‘नववी लाट’ हे त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र. तो किनाऱ्यावर पेन्सिलीने थोडक्यात टिपणं करायचा आणि चित्र मात्र स्टुडिओत, आठवणीतून रंगवायचा. वीज, वाऱ्याचा झोत, लाटेचा उसळता क्षण समोर बसून रंगवता येत नाही, असं त्याचं मत होतं. समुद्राकाठी राहणारा माणूस जर आठवणीतून समुद्र रंगवत होता, तर समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटरवर राहणाऱ्या आपण स्वतःला कमी का समजायचं? अट एकच: आठवण भरलेली हवी. समुद्र आधी बघून बघून पाठ करायचा. तुझ्या चार दिवसांचा खरा उपयोग हाच आहे, आणि त्याची तयारी इथूनच सुरू होते.

तयारी म्हणजे पाण्याकडे बघायला शिकणं. सिद्धेश्वर तलावावर सकाळी वारा पडलेला असताना जा. पायाशी सरळ खाली बघितलंस तर पाण्याच्या आतलं दिसतं, शेवाळ, पायऱ्या, मासे. नजर लांब नेलीस की आतलं दिसेनासं होतं आणि आभाळ नि मंदिर दिसायला लागतं. कोन जितका सपाट, तितकं पाणी आरसा होतं. समुद्राचा रंग हा अर्धा आभाळाचा असतो, तो याच नियमाने. मग वाऱ्याची झुळूक आली की प्रतिबिंब मोडून उभ्या पट्ट्यात लांबतं. ते का आणि किती लांबतं ते बघ. करमाळा तालुक्यात उजनीच्या बॅकवॉटरला दुपारचा वारा सुटला की बऱ्यापैकी लाटा उठतात. तिथे क्षितिजापर्यंत पाणी रंगवायचा सराव होतो. आणि ओली वाळू शिकायला पंढरपूरसारखी जागा नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात पाणी उतरलं की उथळ ओघळ, ओला पट्टा, सुकी वाळू असे तीन थर शेजारी शेजारी दिसतात. ओली वाळू सुक्या वाळूपेक्षा गडद असते आणि वर आभाळाचा उजेडही घेते. हा दुहेरी खेळ तिथे एक सकाळ बसून समजून घे. (मकबूल फिदा हुसेन १९१५ मध्ये त्याच पंढरपुरात जन्मले. आपला जिल्हा कोरडा आहे म्हणून चित्रकलेला कोरडा आहे असं समजू नकोस.)

त्याबरोबर एक सराव रोज कर. दहा मिनिटं एकाच गोष्टीकडे बघ, मग पाठ फिरवून तिचं चित्र काढ. पुन्हा वळून चुकलेलं तपास, खोडू नकोस, शेजारी दुसरं काढ. एसटी स्टँडवरची गर्दी, ढग, वाऱ्यात हलणारं कडुलिंबाचं झाड, काहीही चालेल. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्राचा आपण परीक्षेपुरता विचार करतो. समुद्राकाठी तीच विद्या कामाला येते.

प्रवास मंगळवेढा-सांगोला-मिरज करत कोल्हापूरवरून असेल, तर कोल्हापुरात अर्धा दिवस थांब. टाऊन हॉलच्या संग्रहालयात अबालाल रहिमान यांची चित्रं बघ. कोल्हापूरचे तळी-घाट त्यांनी जन्मभर रंगवले. समुद्र नसताना पाण्यातला उजेड किती लांब नेता येतो ते त्यांच्याकडून शिकावं. पुढे आंबा घाट उतरताना झोपू नकोस, खिडकीशी बस. सोलापुरात वर्षाला पाऊस साधारण साडेपाचशे ते सातशे मिलिमीटर, रत्नागिरीत ३,००० मिलिमीटरच्या वर. हा फरक हवेत दिसतो. आपल्याकडे लांबचं धुरकट होतं ते धुळीने, म्हणून त्यात पिवळट-तांबूस झाक असते. घाटाखाली ते बाष्पाने होतं, म्हणून ते निळसर-पांढरं. आपल्याकडे सावलीची कड धारदार असते आणि आत काळोख असतो. तिथे ओल्या जमिनीवरून, पानांवरून, पाण्यावरून उजेड परत फिरून सावलीत शिरतो. आपली मुलं कोकण रंगवतात तेव्हा सावल्या सोलापूरच्या येतात आणि चित्र जड होतं. सावलीत काळा किंवा पेन्स ग्रे (काळपट राखाडी रंग) घालायचा मोह झाला की थांब आणि त्याऐवजी अल्ट्रामरिनमध्ये थोडा लाइट रेड मिसळ.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे भरती-ओहोटी. १८८५ च्या नोव्हेंबरात मोने फ्रान्समधल्या एत्रता इथे कड्याखाली रंगवत बसला होता. ओहोटी चालू आहे अशा समजुतीत असताना एका मोठ्या लाटेने त्याला कड्यावर आपटलं आणि सामानासकट ओढून नेलं. जीव वाचला, पण चित्र, ते ठेवायचा घोडा (ईझल), पिशवी सगळं गेलं. हे त्याने स्वतः पत्रात लिहिलं आहे. समुद्राच्या काठी वाढलेल्या माणसाची ही गत, तर आपण तिथी बघितल्याशिवाय खडकावर उतरूच नये.

तिथीचा हिशेब किनाऱ्यावरची माणसं तोंडी करतात. पक्षातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची; जो आकडा येतो ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, अडीचच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराला भरती आणि साडेपाचच्या आसपास ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, तेव्हा खडकांवर जायचं असेल तर त्या बंदराचा तक्ता बघून किंवा तिथल्या कोळ्यांना विचारूनच जा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, भरती जास्त वर चढते आणि ओहोटी जास्त खाली जाते. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा पाण्याची चढउतार कमी.

यातून चित्रकाराला एक मोठी गोष्ट कळते. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सगळ्यात लांब जातं ते नेमकं सूर्यास्ताच्या आधी. किनाऱ्यावर रुंद ओल्या वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि त्यात पश्चिमेचं सगळं आभाळ उतरतं. अष्टमीला हाच देखावा टळटळीत दुपारी असतो आणि संध्याकाळी पाणी वर चढलेलं असतं. म्हणून तू दिवाळीनंतर लगेच जाऊ नकोस. कार्तिकी एकादशी होऊ दे, यात्रेची गर्दी ओसरू लागली की निघ. त्रयोदशीला ओहोटी चारच्या सुमाराला, चतुर्दशीला पावणेपाचला, त्रिपुरी पौर्णिमेला साडेपाचला मिळेल, आणि नोव्हेंबरात तिकडे सूर्य सहाच्या आसपास बुडतो. एकाच जागेवर लागोपाठच्या संध्याकाळी बसलीस तर तोच किनारा दर दिवशी थोड्या वेगळ्या पाण्यासह मिळेल.

एकाच जागेवर, हे मुद्दाम सांगतो. गणपतीपुळे, जयगड, पावस, पूर्णगड अशी यादी करून फिरलीस तर फोटो खूप येतील आणि डोक्यात काहीच राहणार नाही. १८८६ मध्ये बेल-इल या बेटावर असताना मोनेने लिहिलं होतं की समुद्र रंगवायचा तर तो एकाच ठिकाणी, रोज, प्रत्येक वेळी बघायला हवा. तू भाट्याचा किनारा घे किंवा मांडवीचा. मांडवीची वाळू काळपट आहे, थोड्याच अंतरावर ‘पांढरा समुद्र’ म्हणतात तो किनारा उजळ वाळूचा आहे. एकाच आभाळाखाली त्या दोन वाळूंवर उजेड किती वेगळा वागतो ते जाता जाता बघून ठेव.

सकाळ आणि संध्याकाळ यांचा स्वभावही आपल्या किनाऱ्यावर वेगळा आहे. सूर्य जमिनीच्या बाजूने उगवतो, त्यामुळे सकाळी उजेड तुझ्या पाठीमागून समुद्रावर पडतो. तेव्हा पाण्याचे स्वतःचे रंग दिसतात. लाटेचा माथा मोडण्याआधी पातळ होतो तिथे हिरवी काच चमकते, तो रंग बघायचा तर संध्याकाळी उजेड मागून आरपार येताना बघ. संध्याकाळी तू थेट सूर्याकडे तोंड करून बसतेस; रंग कमी होतात आणि सगळा खेळ टोनचा, म्हणजे गडद-फिक्याचा, उरतो. अशा वेळी रंगांची पेटी बाजूला ठेवून नुसत्या सेपियात (तपकिरी रंगात) तीन टोनचा स्टडी, म्हणजे छोटं अभ्यासचित्र, कर, पोस्टकार्डाएवढा. दिवसाला असे पाच-सहा झाले तर ते एका मोठ्या चित्रापेक्षा जास्त मोलाचे आहेत.

टोन बघताना डोळा फसतो अशा दोन जागा आहेत. क्षितिजापाशी समुद्र त्याच्या लगतच्या आभाळापेक्षा बहुतेक वेळा गडद असतो, कारण लाटांचे तिरके पृष्ठभाग क्षितिजालगतचं फिकं आभाळ न दाखवता वरचं गडद आभाळ दाखवतात. सूर्याखालचा चमकता पट्टा तेवढा अपवाद. आणि फेस पांढरा नसतो. उन्हातला फेस पांढरा, सावलीतला राखी-निळसर. मोडलेल्या लाटेची उजेडाकडची कड सोडली तर बाकीचा फेस आजूबाजूच्या कोरड्या वाळूपेक्षाही गडद असू शकतो. कागदाचा कोरा पांढरा अगदी थोड्या जागी राख. क्षितिजाची रेषा मात्र पट्टीने आखली तरी माझी हरकत नाही. ती किंचित कलली तरी सगळा समुद्र सांडतो.

समुद्र निळाच असतो हा समजही रत्नागिरीत उतरतो. खाडीच्या तोंडाशी पाणी गढूळ हिरवट, पावसाळ्यात जांभ्याच्या मातीने तांबूस. सेरुलियन आणि विरिडियन लागतील, पण यलो ओकर आणि बर्न्ट सिएना त्याहून जास्त संपतील.

जलरंगाची शिस्तही बदलावी लागते. सोलापुरात एप्रिलमध्ये ब्रश उचलेपर्यंत वॉश (रंगाचा पातळ थर) सुकतो, म्हणून आपल्या हाताला घाई असते आणि आपण पाणी जास्त वापरतो. तिथल्या दमट हवेत कागद बराच वेळ ओला राहतो. याच सवयीने केलंस तर आभाळ समुद्रात उतरेल. पाणी कमी घे, रंग दाट घे, आणि एक वॉश सुकेपर्यंत शेजारी दुसरा कागद सुरू कर. तीनशे ग्रॅमचा कॉटन कागद, खरबरीत पोताचा, क्वार्टर इम्पिरियलपेक्षा (साधारण अकरा बाय पंधरा इंच) मोठा नको. वाऱ्यात बोर्डाचं शीड होतं. चमचमतं पाणी दाखवायला खरबरीत कागदावर जवळजवळ कोरडा ब्रश आडवा ओढ. मास्किंग फ्लुइडने (कागद झाकून कोरा ठेवणाऱ्या द्रवाने) टिपके राखण्यापेक्षा ते जिवंत दिसतं. समुद्राचं पाणी रंगाला अजिबात वापरू नकोस. मीठ कागदात राहतं, दमट हवेत ओल धरतं आणि रंगात डाग उमटतात. रोज रात्री ब्रश गोड्या पाण्याने धू आणि धातूची कडी पुसून ठेव, नाहीतर गंजते.

मिरकरवाडा बंदरात बोटी रंगवायच्या असतील तर आधी तिथल्या माणसांशी बोल. त्यांच्या कामाच्या वाटेत बसू नकोस, जाळी पसरलेली असतील तर ओलांडू नकोस. ही माणसं तुला वारा आणि पाणी यांबद्दल जे सांगतील ते कोणत्याही वर्गात मिळत नाही. नांगरलेल्या बोटी काढताना एक ध्यानात ठेव: भरतीची ओहोटी झाली की बोटींची तोंडं फिरतात. अर्धं चित्र झाल्यावर सगळी रचना उलटी होते. म्हणून बोटींचं रेखाटन एका दमात पुरं कर, आभाळ आणि पाणी नंतर.

प्रत्येक स्टडीच्या मागे तारीख, तिथी, वेळ, वाऱ्याची दिशा आणि एखाद-दुसरं वाक्य लिही. जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांचे स्टडी केले, त्यांच्या मागे तो अशाच नोंदी करायचा. ‘पाण्याचा रंग वाळूपेक्षा गार, बोटीची सावली जांभळी, पाणी मागे जाताना खड्यांचा आवाज’ एवढं लिहिलेलं असलं तरी घरी आल्यावर सगळा किनारा डोळ्यांपुढे उभा राहतो.

परत आल्यावर आठ दिवसांच्या आत हाफ इम्पिरियलवर एक मोठं चित्र कर. फक्त स्टडी आणि नोंदी समोर ठेव, मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू दे. पहिल्या चित्रात लाटेचा पाया किंवा ओल्या वाळूची कड अडेल, कारण तेवढं नीट बघायचं राहिलेलं असेल. काय अडलं ते वहीत लिहून ठेव आणि पुढच्या वेळी तेवढंच बघायला जा. त्या खेपेला रंगांची पेटी नेली नाहीस तरी चालेल. चित्र झालं की स्टडींसकट घेऊन ये, आपण शेजारी शेजारी लावून बघू.